फळीवरचा मृत्युलेख

थांब, आधी ते दार लोटून घे. आता नाही लोटलं तरी चालेल म्हणा, थोरले सुटून आलेत, आता कोण कुणाला पकडायला बसलंय. पण गेले तीन आठवडे दार लोटल्याशिवाय मी कुणाशी बोललेच नाहीये, सवयच लागली. तर ऐका. आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, कारण मी एकदा थांबले की मला परत पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी छापखान्यात लागले ते मामाच्या वशिल्याने, असं तुम्ही सगळे म्हणता. म्हणा. मामा फोरमन आहे हे खरं, पण त्याच मामाने मला प्रूफं वाचायच्या परीक्षेत तीनदा नापास केलंय. चौथ्यांदा घेतलं तेही भिंगकाकांच्या हाताखाली. भिंगकाका म्हणजे आमचे जुने प्रूफरीडर, भिंग डोळ्याला लावून लावून त्यांच्या गालावर गोल वळ पडलाय. ते वाचायचे, मी मूळ कागद धरून मोठ्याने म्हणायची. बास, एवढंच काम. मग ते तापाने आडवे झाले आणि एक दिवस सगळा पेपर माझ्या एकटीच्या गळ्यात आला. त्याच एका दिवसात मी काय करून ठेवलं, तेच सांगतेय.

आमचा पेपर संध्याकाळचा. पाचला मशीन सुरू, सहाला चौकात. आणि चौकात तेव्हा काय होतं तुम्हाला माहितीच आहे. पुढारी म्हणजे आपले थोरले, त्यांच्या उपोषणाचा एकोणिसावा दिवस. पकडलेल्या संपवाल्यांना सोडल्याशिवाय तुरुंगात अन्नाला शिवणार नाही म्हणून बसलेले, आणि सरकार हूं की चूं करत नव्हतं. हजारो माणसं रोज दुपारपासून चौकात येऊन बसायची, नुसती, आमच्या पेपरची वाट बघत. पुलाच्या अलीकडे माणसं, पलीकडे तुरुंग, आणि मध्ये पुलावर घोडेस्वार, बंदुका घेऊन. पहिल्या रांगेत कोण? आमचा दादा. दंडाला फीत बांधून, आपणच सगळ्यांना आवरून धरलंय अशा थाटात. आई रोज सकाळी त्याच्याशी अबोला धरायची आणि रोज त्याचा डबा भरून द्यायची.

आता फळीवरची भानगड. पेपरात एक पद्धत असते. मोठा माणूस आजारी पडला की त्याच्यावरचा लेख आधीच लिहून, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, दोरी गुंडाळून ठेवतात. ऐन वेळी धावपळ नको म्हणून. अभद्र वाटतं ना? मलाही वाटलं. संपादकांनी थोरल्यांवरचा लेख दहाव्या दिवशीच लिहिला होता आणि तो शिशाचा अख्खा मृत्यू मामाच्या डोक्यावरच्या फळीवर नऊ दिवस पडून होता. येता-जाता सगळे त्याच्याखालून जरा वाकून जायचे, फळी उंच असून.

मामाला तो लेख अजिबात आवडायचा नाही. कारण थोरले मूळचे आमच्याच छापखान्यातले. खरंच. चौदाव्या वर्षी खिळे जुळवायला लागले, मामाच्या शेजारच्या केसवर, खिळ्यांच्या खणांपाशी. इथलीच जुनी माणसं त्यांना अजून तोतऱ्या म्हणतात, तोंडावर नाही, पण म्हणतात. लेखात संपादकांनी लिहिलेलं, 'उपजत वक्ते'. मामा म्हणायचा, उपजत कसलं, पाणी मागायला लागला की मडकं रिकामं होईपर्यंत त्याचं पहिलं अक्षर यायचं नाही. मग हा पठ्ठ्या चालत्या मशीनशेजारी उभा राहून बोलायला शिकला. मशीनचा एक फेरा, एक शब्द. एक फेरा, एक शब्द. अजून त्यांचं भाषण ऐका, तो ठेका ऐकू येतो. मी शपथेवर सांगते, मामाने सांगितल्यापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाही. पुढे संपाचं पत्रक गुपचूप छापलं म्हणून हाकलले गेले, मग गोदीतल्या हमालांचे पुढारी, मग निवडणूक, पक्षाचे अध्यक्ष, तीन वेळा तुरुंग. दुसऱ्या वेळी आत असताना बायको गेली, शेवटचं बघायलाही सोडलं नाही. हे सगळं मी त्या लेखाच्या प्रुफात वाचलं. सगळा माणूस दीड कॉलमात.

तर त्या दिवशी दुपारी दोनला संपादकांच्या खोलीतला फोन वाजला. तुरुंगाच्या दवाखान्यातला कारकून बोलतोय म्हणाला. काल रात्री अकराला थोरले गेले. सरकार उद्यापर्यंत दाबून ठेवणार आहे, तुम्ही आजच छापा. कोठडीचा नंबर बरोबर सांगितला, आदल्या दिवशीचं वजनसुद्धा बरोबर सांगितलं. मग फोन बंद. संपादकांनी उलट तुरुंगाला फोन लावून बघितला, लागेना. दुसरीकडून लावला, लागेना. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि ते टेबलावर चष्मा शोधत होते.

मामाला एवढंच म्हणाले, की फळीवरून काढा.

मामा काढेना. म्हणाला, आक्का येऊ देत. आक्का म्हणजे थोरल्यांची मोठी बहीण. तुरुंगात रोज धुतलेले कपडे द्यायची आणि दुपारी तीनला मळक्या कपड्यांची गठडी घेऊन बाहेर यायची, ती येताना आमच्याकडे टेकायची. मला वाटायचं, पाय दुखतात म्हणून टेकत असेल. संपादक म्हणाले, आक्कांना काय ठाऊक असणार, त्यांना सांगतील का? मामा नुसता मान हलवत राहिला. शेवटी ठरलं की खिळे चौकटीत आवळून फर्मा तयार करायचा, मशीनवर चढवायचा, पण पाचपर्यंत थांबायचं.

काळ्या चौकटीच्या पट्ट्या काढल्या. मला शेवटचं प्रूफ दिलं. मी वाचत होते आणि डोळ्यांसमोर दुसरंच. हा पेपर चौकात पोचला की कुणी कुणाचं ऐकणार नाही. सगळी माणसं पुलाकडे निघतील. आणि दादा पहिल्या रांगेत. मी एकच ओळ चार वेळा वाचली आणि सही केली. माझी सही बघा, प्रुफाच्या तळाला अजून आहे, म्हातारीसारखी आलीये.

तीन वाजले, आक्का नाही. साडेतीन, नाही. चार. पूल बंद केलेला, म्हणून ती लांबच्या वाटेने फिरून आली, सव्वाचारला. खुर्चीत बसली आणि नेहमीसारखी गठडी पुढे केली. तिला काहीच माहीत नव्हतं. आम्ही पाचसहा जण तिच्याकडे असे बघतोय, की तिने आधी पदर सारखा केला आणि मग विचारलं, काय झालं. 

मामाने गठडी सोडली. कपडे आमच्या पेपरात गुंडाळलेले असायचे, आदल्या दिवशीच्या. थोरल्यांना रोज सकाळी आठला आमचा पेपर आत मिळायचा, वाचून झाला की त्यातच कपडे बांधून परत. मामाने कपडे बाजूला सारले, पहिलं पान खिडकीला लावलं, उजेडासमोर, आणि खाली तळाला बघितलं. हवामानाची चौकट असते ना, तिथे. बराच वेळ बघितलं. मग पान खाली ठेवलं आणि संपादकांना म्हणाला,

"नाही. छापा."

आणि स्टुलावर बसला. मामा कामाच्या वेळात बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. संपादक खाली मशीनकडे गेले. पाचला वीस मिनिटं कमी होती.

मी विचारलं, मामा, तू शोधत काय होतास? तर तो म्हणाला, आणि हे इतक्या बारीक आवाजात, की मला वाकावं लागलं. गेल्या तुरुंगवासापासूनची रीत. सगळी प्रूफं होऊन गेली, सह्या झाल्या, की मामा शेवटी फर्म्यात हवामानाच्या चौकटीतला एक खिळा काढून उलटा बसवायचा. एक अक्षर डोक्यावर उभं. रोज वेगळं. आणि आत बसलेला माणूस जुळारीच ना शेवटी, त्याला ते खुपणारच. तो खराट्याच्या काडीने त्या अक्षरापाशी भोक पाडायचा. पहारेकरी लिहिलेलं शोधतात, भोकं कोण शोधतंय? भोक असलं म्हणजे आज सकाळी आठनंतर माणूस जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि डोळे शाबूत आहेत. आक्काला माहीत, मामाला माहीत, भिंगकाकांना माहीत. संपादकांनासुद्धा त्या दिवशीच कळलं. भोक नाही, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

आता माझं काय झालं ते सांगते. माझे पाय गार पडले. बोटांपासून वर.

कारण आदल्या दिवशी मी एकटी होते ना? पहिलाच दिवस. भिंगकाका सही करून घरी जायचे, शहाणा माणूस. मी नाही गेले. मी उत्साहात खाली मशीनपाशी जाऊन उभी राहिले, पहिला कागद निघाल्यावर त्याच्यावर झडप घातली, आणि तळाला हवामानाच्या चौकटीत अक्षर उलटं. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, माझ्या नाही. मशीनवाल्याच्या खांद्यावर थाप मारली, तो ठार बहिरा आहे, बोट ठेवून दाखवलं, त्याने चिमट्याने खिळा सरळ केला. मामाला सांगितलंही नाही. म्हटलं, आपण होऊन कशाला मिरवा.

"मामा," मी म्हटलं, "तो खिळा काल मी सरळ केला."

मामाने माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पान परत उचललं, आणि आता पहिल्यांदा भोक नाही तर अक्षर बघितलं. सरळ. शहाण्यासारखं उभं.

मी खाली धावले, संपादकांना खिळ्याचं, भोकाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे खूण नाही याचा अर्थ काहीच नाही. गेलेत असंही नाही, आहेत असंही नाही. आणि फोन तर आलाय. पाचला इतर पेपरांनी छापलं आणि आपण नाही, तर आपल्याच माणसाचं मरण आपण दडवलं म्हणतील लोक. मी म्हटलं, आणि खोटं निघालं तर? ते म्हणाले, तर सरकार छापखान्याला कुलूप ठोकेल, पण ते उद्या. मी म्हटलं, पुलावर आज गोळ्या चालतील. त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं. म्हणाले,

"पाच म्हणजे पाच. त्याच्या आत मला काहीतरी आणून दे."

मी वर आले तर आक्का उभी. तिला मामाने सांगितलं होतं. ती रडत वगैरे नव्हती. तिने उरलेला पेपर टेबलावर पसरला होता आणि हाताने सुरकुत्या काढत होती, इस्त्री करावी तशी. मला म्हणाली, माझा भाऊ चूक दिसली आणि गप्प बसला असं आजवर झालेलं नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्याने सासऱ्यांसमोर तीन चुका काढल्या होत्या. खिळा नसेल तर दुसरी काहीतरी चूक काढली असेल त्याने. शोध.

मी म्हटलं, आक्का, दुसरी चूक नाहीये, सगळा पेपर मी वाचलाय.

तिने पान माझ्याकडे सरकवलं. मी पान उचललं.

आता कपड्यांना गुंडाळलेला कागद कसा असतो? चुरगळलेला, दमट, घड्यांवर फाटलेला. उजेडाला धरला तर भोकंच भोकं, चांदण्यासारखी. पहिल्या पानावर एक सापडलं, मी किंचाळणार तेवढ्यात मामा म्हणाला, बटणाचं आहे. दुसऱ्या पानावर तीन, तिन्ही घडीवरची. खालून मशीनचा पट्टा लागल्याचा आवाज आला. पाच वाजले होते. मला खरंच दिसेनासं झालं, अक्षरं पोहायला लागली. तिसरं पान. बाजारभाव, काही नाही. बोटींच्या वेळा, काही नाही. मग छोट्या जाहिराती, ज्या कुणीच वाचत नाही, आणि खरं सांगू का, मीही आदल्या दिवशी वाचल्या नव्हत्या नीट, नुसती नजर फिरवलेली. छत्रीदुरुस्तीवाल्याची जाहिरात. दोन ओळी. वर 'तासाभरात मिळेल', आणि खाली 'मोडकी काडी बदलून'.

खालीवर. जुळवणाऱ्याने ओळी खालीवर बसवल्या होत्या आणि मी तशाच सोडल्या होत्या.

आणि दोन्ही ओळींच्या सुरुवातीला एकेक भोक. स्वच्छ, गोल. आणि समासात बारीक बारीक टोचे, ओळीने, नागमोडी, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीला वळसा घालून. ओळी बदला म्हणून आम्ही जी खूण करतो ना प्रुफावर, तीच. बटण असं करत नाही. पहारेकरी असं करत नाही.

मामाने कागद हातात घेतला. टोच्यांवरून अंगठा फिरवला.

"त्याचीच," म्हणाला. "शेपूट लांब काढतो मेला. पहिल्यापासून."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. मशीन चालू होतं. संपादक पलीकडच्या बाजूला छापलेला कागद हातात धरून उभे, मशीनवाला एकामागून एक कोरे कागद लावतोय. मी थांब म्हणून ओरडतेय, आणि तो बहिरा. मग मी काय केलं, त्याने उचललेला कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. त्याने दुसरा उचलला, तोही ओढला. तिसऱ्याला त्याने माझ्याकडे वेड लागलंय का असं बघितलं आणि पट्टा सोडला. मशीन थांबलं. इतकं शांत झालं, की माझा श्वास सगळ्यांना ऐकू जात असणार.

काळ्या चौकटीचे अकरा कागद छापून झाले होते. मामाने ते स्वतः मोजले, स्वतः भट्टीत घातले.

मग जुना मजकूर परत बसवला, पंचवीस मिनिटं उशिरा पेपर निघाला. आणि आता ऐका. दारात दोन माणसं उभी. साधे कपडे, चांगले बूट. चहावाल्याने नंतर सांगितलं, साडेचारपासून होती. एकाच्या बगलेत पिशवी, आणि पिशवीत मोहर उठवायची लाख आणि कुलूप, साखळीसकट, मी डोळ्याने बघितलं. त्यांनी पहिला पेपर विकत घेतला. तिथेच उभं राहून पहिलं पान वाचलं, उलटलं, शेवटचं पान वाचलं, परत पहिलं. मग एकाने मामाला विचारलं, आज काही विशेष नाही का?

मामा म्हणाला, "आहे ना. छत्रीच्या जाहिरातीत दुरुस्ती आहे. तिसरं पान."

फोन कुणी केला ते कधीच कळलं नाही. त्या दोघांनाच माहीत असेल, किंवा त्यांनाही नसेल. दादा रात्री घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, तुमचा पेपर आज काय गोगलगायीवर बसून आला का. मी ताटात बघत राहिले. आईने मला विचारलं, रडतेस का, तर मी म्हटलं, ठसका लागला.

पाच दिवसांनी सरकारने संपवाल्यांना सोडलं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. थोरल्यांनीही उपोषण सोडलं, आणि परवा ते बाहेर आले. आणि कुठे आले आधी? घरी नाही, पक्षाच्या कचेरीत नाही. आमच्याकडे. दोघांनी धरून आणलं, सदरा नुसता खुंटीला टांगल्यासारखा. मामाने मशीन थांबवायला लावलं. मी केसच्या मागे उभी, जमलं तर भिंतीत जायच्या बेतात.

ते मामासमोर उभे राहिले. हजारो माणसांसमोर बोलणारा माणूस, आणि तोंड उघडून नुसता उभा. अक्षरच येईना. मशीन बंद होतं ना.

"त्या दिवशी," शेवटी म्हणाले, "ख... खिळा सरळ होता."

मामा छताकडे बघायला लागला. मला वाचवत होता, मला कळलं. म्हणून मी पुढे झाले आणि म्हटलं, मी केला. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, चूक आहे.

ते माझ्याकडे वळले. मग सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये थांबत, आणि आम्हाला कुणाला पुढचा शब्द सुचवायची हिंमत होत नव्हती. म्हणाले, खिळा सरळ दिसला तेव्हा वाटलं, संपलं. आता बाहेर कुणी वाट बघत नाही. ज्यांच्याबरोबर हात काळे केले तेही धरून चाललेत की मी गेलो. कागद तोंडावर घेऊन दुपारपर्यंत पडून होते, पाणीही घेतलं नाही. मग राग आला. आणि रागाच्या भरात पेपर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"छ... छत्रीपाशी पोचलो तेव्हा कळलं," म्हणाले, "तुम्ही मला सोडलेलं नाही. नुसते आंधळे आहात."

कुणीच हसलं नाही. मग आक्का हसली, मग सगळे.

तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. फळीवर. लेख परत गॅलीत बांधून तिथेच ठेवला होता, मोडायचा राहून गेला होता. मामा पुढे होणार तेवढ्यात त्यांनी हात केला. गॅली खाली घेतली, केसवर टेकवली आणि वाचायला लागले. शिशातलं, उलटं, बोट फिरवत, आपण साधं पुस्तक वाचतो तसं. आपलं सगळं आयुष्य. बायकोच्या ओळीपाशी बोट थांबलं, आणि थांबूनच राहिलं. संपादक खिडकीबाहेर बघत होते. मग बोट पुढे सरकलं. मामाच्या खिशातला चिमटा त्यांनी न विचारता काढून घेतला, 'उपजत' मधले खिळे एकेक करून उचलले आणि मामाच्या तळहातावर ठेवले. रिकाम्या जागेत कोरे ठोकळे भरले. बोटं अजून चालतात त्यांची, काय वेगाने.

दोरी स्वतः गुंडाळली, गाठ मारली आणि गॅली मामाच्या हातात दिली.

"ठे... ठेव फळीवर," म्हणाले. "लागेल."

मामाने ठेवली.